लहान मुलांना लय कशी शिकवावी? चेंडू, करवंट्या, ओढण्या आणि इतर उपद्व्याप (नाशिक)

गोदाकाठ | २२ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या सोसायटीत (गंगापूर रोड, सोमेश्वरच्या अलीकडे) दर रविवारी सकाळी मी मुलांना तासभर गोळा करते. चार ते सात वर्षांची चौदा मुलं. मी संगीतातली कुणी मोठी नाही. मध्यमा पूर्णपर्यंत गाणं शिकले, मग नोकरी, मग संसार. पोरांनी सुट्टीत मोबाईल सोडावा एवढाच हेतू होता. पण आता शाळा सुरू झाली तरी आईबाप सोडायला तयार नाहीत.

गाणी मजेत होतात. अडतं ते लयीपाशी. मुलं पळतात! कहरवा तालात टाळ्या सुरू केल्या की पहिलं आवर्तन (तालाची एक फेरी) छान, दुसरं बरं, चौथ्याला सगळी गाडी कसारा घाट उतरत असते. 'हळू, हळू' म्हटलं की टाळ्यांचा आवाज हळू होतो, वेग तोच. एक-दोन-तीन-चार मोजायला लावलं तर मोजणंही पळतं. मोबाईलवर मेट्रोनोम लावून पाहिला. दोन मिनिटं सगळे मोबाईलकडे बघत बसले, मग एकाने विचारलं, 'ताई, ह्यात गेम आहे का?'

आणि खाली (तालातला टाळी न द्यायचा भाग). तीनतालाची खाली दाखवायला हात उलटा केला तर चौदाच्या चौदा पोरांनी मागच्या बाजूने टाळी वाजवली. एकीने तर जास्त जोरात.

माझ्याकडे सामान आहे ते असं: सहा टेनिस बॉल, आईच्या आणि माझ्या मिळून दहा-बारा जुन्या ओढण्या, चार लेझिमी, घुंगरांची एक जोडी. कुणी खेळांतून लय शिकवली आहे का? काय चाललं, काय फसलं, ते सांगा. 'तबल्याच्या क्लासला घाला' एवढंच उत्तर कृपया नको.

---

दोन_पिल्लांची_आई | २२ जून, रात्री १०:४०

वाचतेय. आमच्याकडे दोन पिल्लं आणि स्टीलचे सात डबे आहेत, लय सोडून सगळं आहे.

---

ठेकेदार | २२ जून, रात्री ११:०५

ताई, नको म्हणालात तरी थोडं तेच सांगणार. तबला शिकवतो, वीस वर्षं झाली.

आपल्याकडे लय शिकवायचं साधन आधीपासून आहे आणि त्याला काही खर्च नाही. त्याला बोल म्हणतात (धा, धिं, ना ही अक्षरं). मूल आधी तोंडाने म्हणतं, मग हातावर ताल देतं, मग वाद्याला हात लावतं. चेंडू-ओढण्यांनी मुलं रमतील, पण रमणं आणि तालीम यांत फरक आहे. हल्ली एका 'अॅक्टिव्हिटी सेंटर'मधून माझ्याकडे आलेल्या मुलाला वर्षभर रंगीत काठ्या दिल्या होत्या. समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येणं म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

राहिलं तुमचं पळणं. मुलं पळतात कारण तुम्ही त्यांना फक्त ठोका दिलात. दोन ठोक्यांच्या मध्ये काय करायचं ते दिलं नाहीत. मोठा माणूस मधली जागा मनात भरतो. मूल तिथे रिकामं असतं, म्हणून पुढच्या ठोक्यावर उडी मारतं.

---

गोदाकाठ | २२ जून, रात्री ११:२०

ठेकेदारकाका, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. म्हणजे मधल्या जागेत हाताला काम द्यायला हवं, असंच ना? मग ते काम चेंडूने दिलं तर तुमची हरकत का?

---

अंबडचा_नटबोल्ट | २३ जून, सकाळी ७:३०

ड्यूटीवर निघण्याआधी घाईत लिहितोय. मी गाण्यातला नाही, एमआयडीसीतला आहे. पण ताईंचा शेवटचा प्रश्न हा सरळ भौतिकशास्त्राचा आहे.

चेंडू पाच वर्षांच्या पोराच्या कमरेपासून, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरवरून सोडला तर जमिनीवर पोचायला त्याला ०.३५ सेकंद लागतात. पोराने कितीही घाई केली तरी तेवढेच. (ढकलून आपटला तर गोष्ट वेगळी, म्हणून 'आपटायचा नाही, सोडायचा' हा नियम करा.) टाळी पोराच्या ताब्यात असते, म्हणून ती पळते. सोडलेला चेंडू पृथ्वीच्या ताब्यात असतो. चार मात्रा (ठोके) करा: टप्पा, झेल, धर, धर. यातली निम्मी चेंडू सांभाळेल, निम्मीच पोराला सांभाळायची राहतील.

दुसरं, मेट्रोनोमचं. तो फक्त टक् करतो. पुढचा टक् येतोय हे दिसत नाही. त्यापेक्षा छताच्या हुकाला किंवा पडद्याच्या रॉडला दोरा बांधून खाली जड नट लावा. दोरा बांधल्यापासून नटाच्या मध्यापर्यंत:

एक मीटर ठेवला तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद, म्हणजे मिनिटाला ६०.
५६ सेंटीमीटर ठेवला तर मिनिटाला ८०.
३६ ला १००.
२५ ला १२०.

नट हलका-जड असल्याने फरक पडत नाही. झोका फार मोठा देऊ नका, एवढंच. दोरा अर्धा केला की वेग दुप्पट होत नाही, दुप्पट करायला तो पाव करावा लागतो. मोठ्या मुलांना हे कोडं घाला, मजा येते. मुख्य म्हणजे नट टोकाला जाताना मंदावतो, थांबतो, परत फिरतो. मधली जागा डोळ्यांना दिसते.

---

म्युनिककर | २३ जून, दुपारी १:१०

मूळचा पंचवटीचा, आता इथे. अंबडकर, जियो!

आमच्या कन्येच्या बालवाडीत ही साधनांची पद्धत रोज चालते, म्हणून थोडी माहिती. कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) हा इथलाच, म्युनिकचा संगीतकार. १९२४ साली इथे निघालेल्या ग्युंथर शाळेत नाच, हालचाल आणि वाद्यं एकत्र शिकवायचं काम त्याने सुरू केलं आणि गुनिल्ड केटमन या त्याच्या सहकारी बाईंनी ते मुलांपर्यंत नेलं. आधी बोलणं, मग टाळी-मांडी-पाय, मग वाद्य, अशी साधारण चढण. त्याआधी स्वित्झर्लंडच्या डालक्रोझ यांनी (१८६५–१९५०) लय चालण्यातून शिकवायला घेतली होती. हंगेरीच्या कोडाय यांच्या पद्धतीत लांब ठोक्याला 'ता' आणि त्याच्या निम्म्यांना 'ती-ती' म्हणतात.

आता गंमत बघा, ठेकेदार. आधी तोंडाने, मग हाताने, मग वाद्यावर, हे तुम्ही वर जे लिहिलंत तेच आहे. तुमच्यात आणि चेंडूवाल्यांत वाटतं तेवढं भांडण नाही.

आणखी एक. २००९ मध्ये किर्शनर आणि टोमासेलो यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अडीच ते साडेचार वर्षांची मुलं समोर माणूस ढोल वाजवत असेल तर यंत्रापेक्षा जास्त चांगली लय धरतात. ताईंच्या मोबाईलचं अपयश त्यात आलं. लहानांची स्वतःची आवडती लयही मोठ्यांपेक्षा जलद असते. तेव्हा 'विलंबित (संथ लय) म्हणजे सोपं' हे आपलं गणित त्यांना लागू नाही. हळू चालणं त्यांना अवघड जातं.

---

बालवाडीताई | २३ जून, संध्याकाळी ५:४५

निवृत्त शिक्षिका, सिडको. एकतीस वर्षं बालवाडी घेतली.

म्युनिककरांनी शेवटी लिहिलंय ते आम्ही हातांनी शिकलो. नवीन बाई यायच्या, डफ घ्यायच्या आणि म्हणायच्या, 'माझ्या तालावर चाला.' पोरं कशीही चालायची. मी उलटं करायची. एक मूल निवडायचं, ते चालेल तसा डफ आपण वाजवायचा. ते पळालं की पळायचं, थांबलं की थांबायचं. दोन मिनिटांत त्याच्या लक्षात येतं की बाईंचा डफ आपल्या पायाला बांधलाय. चेहरा बघण्यासारखा होतो! ते झालं की हळूच डफ जरासा मंद करायचा. मूल आपसूक मंदावतं. आता दोरी बाईंच्या हातात आली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडीसाठी जे साहित्य वापरलं ते आजूबाजूचंच होतं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई त्याच वळणाच्या. त्यामुळे रंगीत काठ्यांचा संच विकत आणायची गरज मला कधी पडली नाही. माझी यादी देते, निवडून घ्या.

करवंट्या. दोन अर्ध्या, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या. तोंडाला तोंड लावून वाजवल्या की घोड्याच्या टापा, पालथ्या जमिनीवर आपटल्या की वेगळा आवाज, पाठीला पाठ लावली की तिसरा. एका वस्तूत तीन आवाज मिळतात, म्हणून मुलं ऐकायला लागतात.

गोल बसून खडा पुढे सरकवणे. प्रत्येकापुढे एक सागरगोटा. 'उचल' म्हटलं की उचलायचा, 'ठेव' म्हटलं की उजवीकडच्यापुढे ठेवायचा. सगळ्यांचे एकदम. कुणी पळालं की शेजाऱ्यापुढे दोन खडे जमतात, कुणी मागे राहिलं की त्याच्याच पुढे ढीग. बाईंना 'तू चुकलास' म्हणावं लागत नाही. चार वर्षांच्यांना हे जमत नाही, सहाच्या पुढे घ्या. चारच्यांना समोरासमोर पाय फाकवून बसवा आणि चेंडू घरंगळत द्या. सोडताना एक टाळी, पोचला की एक.

तीन वर्षांच्या आतली भावंडं वर्गात रांगत असतील तर सागरगोटे, घुंगरू, नट असलं काही जमिनीवर ठेवू नका. तोंडात जातं.

---

पीटीमास्तर | २३ जून, रात्री ९:००

लेझीम चार वर्षांच्या पोराला देऊ नये. साखळीत बोट चिमटतं, आणि एकदा चिमटलं की वर्षभर हात लावत नाही. सात वर्षांच्यांना छोटी लेझीम द्या आणि 'चार आवाज' एवढंच करा. तेही हलगी किंवा ढोल समोर असेल तरच. नुसत्या आकड्यांवर लेझीम होत नाही, कवायत होते.

---

त्र्यंबकरोड | २४ जून, सकाळी ६:५०

राम कृष्ण हरी. आमच्या घरात वारी आहे. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर आजोबा जायचे, आता चुलते जातात. पौषातल्या यात्रेला त्र्यंबकला कधी आलात तर दिंड्यांमध्ये पाच-सहा वर्षांची पोरं बघा. गळ्यात टाळ, पायात पावली. त्यांना कुणी मात्रा शिकवत नाही. दोन्ही बाजूंना मोठी माणसं असतात आणि रांग डोलते. रांगेत उलटा डोललास तर खांदा लागतो, एवढाच धडा.

मला आठवतं ते वेगळंच आहे. आजोबा मला टाळ द्यायचे आणि म्हणायचे, एकदाच वाजव आणि ऐक. उघडा टाळ वाजवला की नाद किती तरी वेळ राहतो. तो पूर्ण संपला की बोट वर करायचं. मी नेहमी लवकर वर करायचो. ते म्हणायचे, 'अजून आहे.' खरंच असायचा. नंतर दाबलेला टाळ, टक् आणि बंद. लांब म्हणजे काय आणि आखूड म्हणजे काय, ते मला पाटीवर कुणी काढून दाखवलं नाही.

ताई, हे करून बघा. चौदा पोरं एकदम गप्प बसतील याची हमी देतो.

---

दोन_पिल्लांची_आई | २४ जून, सकाळी ९:१५

चौदा पोरं गप्प?! आमच्या घरी पितळी घंटीवर करून पाहिलं. दोन पोरं चक्क बावीस सेकंद गप्प होती. हा विक्रम आहे.

---

ठेकेदार | २४ जून, रात्री १०:३०

म्युनिककर, मान्य. भांडण मागे घेतो, अर्धं.

'समोर माणूस हवा' हे तर गुरूसमोर बसण्याचंच समर्थन झालं. मग मीही काही देतो.

मात्रा मोजायला लावू नका, शब्द द्या. आकड्यांत गडबड अशी की 'एक' आणि 'तीन' यांची लांबी मुलाच्या तोंडात सारखी नसते. आपल्या वृत्तांचा हिशोब घ्या: ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. आमच्या क्लासमध्ये हे नाशिकचं खाद्यपदार्थ घराणं चालतं:

कहरवा, आठ मात्रा: नाऽशिक चिवडाऽ (४ + ४).
दादरा, सहा: मिसळ पाऽव (३ + ३).
रूपक, सात: मिसळ खाऽ ऊऽ (३ + २ + २).
झपताल, दहा: याऽ मिसळ घ्याऽ मिसळ (२ + ३ + २ + ३).

रूपकाचे सात आकडे मोजून मोठ्यांच्याही बोटांच्या गाठी होतात. 'मिसळ खाऊ, मिसळ खाऊ' सहा वर्षांची पोरगी एका मिनिटात म्हणते. पुढे त्याच जागी 'तिं तिं ना | धी ना | धी ना' ठेवायचं, बस्स.

खालीसाठी हात उलटा करू नका, तो मोठ्यांचा संकेत आहे. मुलाला खाली ऐकू आली पाहिजे. तीनतालात खालीच्या भागात 'धिं'चं 'तिं' होतं, म्हणजे डग्गा (जोडीतला जाड आवाजाचा) गप्प बसतो. तर निम्मी मुलं डग्गा करा, त्यांनी पाय आपटायचे. निम्मी तबला, त्यांनी टाळ्या. चार टाळ्या पायांसह, पुन्हा चार पायांसह, मग चार नुसत्या टाळ्या, शेवटच्या चार पायांसह. पाय गेले की खोली एकदम हलकी होते. ती खाली.

(पक्क्या ठेक्यात धिं-तिंची अदलाबदल अगदी नवव्या मात्रेवर होत नाही, हे जाणकारांनी सांगायला येऊ नये. मलाही माहीत आहे. पोरं पाच वर्षांची आहेत.)

अवांतर: ताल लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत खालीची खूण ० असते आणि पलुस्करांच्या पद्धतीत +. नाशकात हे सांगायला हवंच, कारण १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर पुढे इथेच येऊन राहिले, रामनाम आधाराश्रम त्यांनी इथे काढला. त्यांचे चिरंजीव, गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्करांचा जन्मही नाशिकचा, १९२१ चा.

---

अंबडचा_नटबोल्ट | २५ जून, सकाळी ७:२५

० ची खूण! मग तीनतालाच्या चार भागांसाठी जमिनीवर चुन्याने चार गोल काढा की. तीन गोलांत मुलं उभी करा, एक रिकामा. चेंडू देत देत जायचं, रिकाम्या गोलाशी आलं की चेंडू हवेत.

---

बालवाडीताई | २५ जून, दुपारी २:००

चेंडू नको, ओढणी. चेंडू लगेच खाली येतो आणि पोरं त्याच्यामागे धावतात. शिफॉनची ओढणी वर टाकली की तरंगत येते. सुती नको, ती धपकन पडते. खालीच्या गोलात कुणी नसतं, फक्त ओढणी पडते. अंबडकर, गोलांची कल्पना मात्र तुमची, हं.

---

गावठाणातला | २५ जून, रात्री ११:५०

उशिरा आलो. हे वाचताना एक आठवलं ते लिहितो, उपयोग नसेल तर सोडून द्या.

लहानपण तांबट लेनच्या जवळ गेलं. तेव्हा भांडी घडवण्याचा ठोका सकाळपासून सुरू असायचा. एकाच मोठ्या हंड्यावर कधी कधी दोघं समोरासमोर बसायचे. एकाचा हातोडा वर गेला की दुसऱ्याचा खाली. दोघांचे मिळून ठोके एवढे सारखे पडायचे की डोळे मिटले तर एकच माणूस वाटे. मी पायरीवर बसून ओळखायचो, कुठला कुणाचा. मध्येच एकजण घाम पुसायला थांबायचा. दुसरा आपल्याच जागी ठोकत राहायचा, एक सोडून एक. त्याची चाल बदलायची नाही. पहिला परत आला की बरोबर त्याच भोकात घुसायचा.

पोरांना दोन-दोनच्या जोड्या करून हे करायला लावता येईल का? एकाच्या टाळीच्या मध्ये दुसऱ्याची. आणि मग एकाने थांबायचं.

---

ठेकेदार | २६ जून, सकाळी ८:०५

गावठाणातले, क्लास काढा. मी विद्यार्थी पाठवतो.

---

कानवाला_डॉक्टर | २६ जून, रात्री ९:३०

सगळं छान चाललंय, एक खोडा घालतो. गणपती जवळ आले की हौसेने पोरांना नाशिक ढोलाच्या सरावाला नेलं जातं. ताई, तुम्हीही नेण्याची शक्यता दिसते. लांबून ऐकवा. पथकाच्या मधोमध लहान मूल खांद्यावर घेऊन उभं राहू नका. कारखान्यातल्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा ८५ डेसिबल आठ तास हीच वरची मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ताशा जवळून त्याच्या कितीतरी वर असतो. मूल कानावर हात ठेवत असेल तर ते घाबरट नाही, त्याचे कान शाबूत आहेत.

कमी ऐकू येणारं मूल गटात असेल तर फुगा फुगवून दोन्ही हातांत छातीशी धरायला द्या आणि समोर ढोलकी वाजवा. फुग्याच्या रबरातून ठोका हाताला कळतो. इतर मुलांनाही आवडतं.

---

गोदाकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०:००

मंडळी, सात रविवार झाले. (एक पावसात गेला. गोदावरी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली म्हणून कुणी घराबाहेरच पडलं नाही.) हिशोब द्यायला आले.

आधी फसलं ते. टप्पा-झेल-धर-धर चार-पाचच्यांना अजिबात जमलं नाही. सहा चेंडू, चौदा मुलं, आणि एक चेंडू थेट तळमजल्यावरच्या काकांच्या तुळशीत. सहा-सातच्यांचं मात्र पळणं त्या दिवशी खरंच थांबलं. अंबडकर, 'सोडायचा, आपटायचा नाही' हे वाक्य मी इतक्यांदा बोलले की घरी कूकरची शिट्टीसुद्धा तशी ऐकू येते. लहानांना घरंगळता चेंडू दिला. तो उत्तम.

नट-दोरा पडद्याच्या रॉडला बांधला, ५६ सेंटीमीटर. त्यांना फारच हळू झालं, म्युनिककर म्हणाले तसंच. २५ वर आणला तेव्हा सगळ्या माना डावी-उजवीकडे एकदम हलायला लागल्या. मग दर आठवड्याला दोरा थोडा लांब केला. काल ४५ वर होतो.

बालवाडीताई, तुमचा डफ मी ताटावर केला. चालणाऱ्या मुलामागे वाजवायचं. एक मुलगा आहे, पाच वर्षांचा. टाळ्यांत कधीच सामील व्हायचा नाही, आईला वाटायचं त्याला आवडत नाही. त्याला पुढे चालवलं. त्याने मला दहा मिनिटं दमवलं! थांबायचा, वळून बघायचा, ताट थांबलंय ना याची खात्री करायचा, परत चालायचा. सगळा वर्ग त्याच्या पायाकडे बघत होता. पुढच्या रविवारी तो दारात चप्पल काढतानाच म्हणाला, 'आज पण मीच.'

मिसळ खाऊ तर सोसायटीभर झालं आहे. लिफ्टमध्ये रूपक चालतो. एका आजोबांनी मला विचारलं, मुलांना नाश्ता देत नाही का.

तांबट जोड्या अजून डळमळतात. दुसऱ्याच्या मधल्या जागेत टाळी द्यायची म्हटलं की दोघंही तिसऱ्या ठोक्याला एकत्र येतात आणि खूश होतात की 'जमलं!' टाळीऐवजी करवंट्या आणि मांडी अशी विभागणी केली, एकाच्या करवंट्या, दुसऱ्याची मांडी, तेव्हा तीन जोड्यांना जमलं. आवाज वेगळा असला की आपली जागा सापडते असं दिसतंय. गावठाणातले, एकाने थांबायचा भाग अजून धाडस करून घेतलेला नाही.

आता गोल. क्लब हाऊसच्या फरशीवर खडूने चार गोल काढले. तीन गोलांत चार-चार मुलं, उरलेली दोघं माझ्याबरोबर ठेका म्हणायला, एक गोल रिकामा. आपल्या गोलाची पाळी आली की चार टाळ्या. रिकाम्या गोलाशी मी ओढणी टाकायची. पहिल्याच फेरीत एकीने विचारलं, 'ताई, इथे कोण राहतं?' मी उत्तर शोधेपर्यंत दुसरा म्हणाला, 'भूत.'

झालं! आता खालीचं नाव भूत. रिकाम्या गोलाची पाळी आली की चौदाही मुलं श्वास रोखून उभी असतात. कुणी टाळी वाजवली तर बाकीचे तेरा त्याला 'श्शू! भूत!' करतात. चार मात्रा पूर्ण. एकसुद्धा कमी नाही, मी मोजल्या. मग पुढच्या गोलातले टाळी देतात, आणि ती पळालेली नसते. हात उलटा करायला मी दीड महिना घालवला होता.

---

दोन_पिल्लांची_आई | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

मेले हसून. वाचनखूण साठवली.

---

त्र्यंबकरोड | १८ ऑगस्ट, सकाळी ६:३०

आणि टाळ? त्याचं काय झालं?

---

गोदाकाठ | १८ ऑगस्ट, सकाळी ८:१५

अहो, तो तर रोजचा झाला! वर्ग सुरू करताना एक टाळ, एकदाच. भांडी बाजारातून जोडी आणली. दुकानदाराने पाच जोड्या वाजवून दाखवल्या, मी सगळ्यांचा नाद संपेपर्यंत उभी. मागची गिऱ्हाइकं वैतागली. सध्या आमच्याकडे सगळ्यात उशिरा बोट वर करणारी मुलगी सगळ्यात लहान आहे, चार वर्षांची. तिचं अजून ऐकू येत असतं तेव्हा माझं संपलेलं असतं.

---

ठेकेदार | २० ऑगस्ट, रात्री ११:१०

गोदाकाठताई, एक तक्रार नोंदवतो. परवा पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची परीक्षेची तयारी घेत होतो. तीनतालात हातावर ताल देताना खालीला टाळी दिली. मी रागाने काय म्हणालो माहीत आहे? 'अरे, भूत खाल्लंस!'

वर्ग पाच मिनिटं बंद होता. तो विद्यार्थी बावन्न वर्षांचा आहे, बँकेत मॅनेजर.

---

बालवाडीताई | २१ ऑगस्ट, सकाळी १०:०५

ठेकेदार, रविवारी या आमच्याकडे. मी गोदाकाठच्या वर्गाला जाणार आहे, वीस करवंट्या घासून ठेवल्यात. तुम्ही डग्गा आणा. पाय आपटून आपटून खालच्या मजल्यावरच्या काकांची तुळस परत पडायला नको.